मामी, जरा बटण दाबता का?

नवी मुंबई हे शहर मुळात लांबून चालवण्यासाठीच वसवलं असावं, असा माझा जुना संशय आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे नवं शहर काढायची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. मुंबईची गर्दी इकडे येईल आणि गर्दीच्या पुढे सरकारही येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. गर्दी आली. सरकार काही खाडी ओलांडेना. सिडकोचं मुख्य कार्यालय बेलापूरला आहे खरं, पण नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता पाहाल तर तो नरिमन पॉइंटच्या ‘निर्मल’ इमारतीचा. शहर इकडे, बटण तिकडे.

आता कारभार उलटा झाला आहे. ऐरोली, घणसोली, महापे इथल्या काचेच्या इमारतींत संध्याकाळी सातनंतर खरी वर्दळ सुरू होते, कारण अमेरिकेत त्या वेळी ऑफिसं उघडतात. ‘तुमचा डेटा क्लाउडमध्ये सुरक्षित आहे’ असं आपल्याला सांगतात, त्या क्लाउडचा बराचसा भाग रबाळे-महाप्याच्या एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आसपास, बिनखिडक्यांच्या इमारतींत भरलेला आहे. माझा भाचा ऐरोलीत अशाच एका कंपनीत कामाला आहे. ओहायोमधला एक सर्व्हर, जो त्यानं जन्मात पाहिलेला नाही, तो ऐरोलीत बसून बंद करतो आणि पुन्हा चालू करतो. तिकडच्या लोकांना पत्ताही लागत नाही.

तर या भाच्याला मी म्हटलं, “बाबा रे, ओहायोचं राहू दे. आमचा नेरुळचा कॉम्प्युटर मला गावाहून वापरता येईल असं काही तरी कर. आणि पैसे पडता कामा नयेत.” त्यानं केलं. पैसे पडले नाहीत. आणि तरीही आजतागायत मला तो कॉम्प्युटर गावाहून वापरायचा असला, की आधी घरी फोन करावा लागतो. भाच्यालाही करावा लागतो. ओहायोचा सर्व्हर एका कळीवर उठवणारा हा मुलगा नेरुळच्या डेस्कटॉपपुढे हात टेकतो आणि म्हणतो, “मामी, जरा बटण दाबता का?”

आधी तो कॉम्प्युटर नेरुळमध्येच का अडकून पडलाय ते सांगतो, कारण तरुण मंडळी लगेच ‘लॅपटॉप का नाही घेत’ म्हणतात. मी मासिकांची पानं लावतो. मराठी छपाईच्या जगात अजूनही पेजमेकर नावाचं सॉफ्टवेअर चालतं, आणि त्यात श्रीलिपीचे फॉन्ट चालतात. श्रीलिपी चालायला डोंगल लागतं. डोंगल म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलेला बोटभर तुकडा. तो काढला की सगळी अक्षरं अंग काढून घेतात आणि ‘संपादकीय’च्या जागी रोमन लिपीतली चिन्हं नाचायला लागतात. भाचा म्हणाला, “मामा, युनिकोड वापरा ना.” मी वापरतो. पण आमच्या प्रेसवाल्याला पेजमेकरचीच फाइल हवी असते, आणि गणपतीपासून दिवाळीपर्यंत प्रेसवाल्याशी वाद घालायची हिंमत महाराष्ट्रात कुठल्याही संपादकाला नसते. तेव्हा कॉम्प्युटर तिथेच राहणार, डोंगल तिथेच राहणार. फिरायचं ते मी.

भाच्यानं आधी विंडोजची स्वतःची सोय पाहिली. ती माझ्याकडे नव्हती, कारण माझ्याकडे विंडोजची ‘होम’ आवृत्ती आहे. या होमवरून तुम्ही दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये जाऊ शकता, पण होममध्ये दुसऱ्याला येता येत नाही. येणारा घ्यायचा तर ‘प्रो’ आवृत्ती विकत घ्यावी लागते. सगळ्यांकडे जेवायला जाणारं आणि स्वतःकडे कुणाला चहालाही न बोलावणारं एक घर प्रत्येक नात्यात असतं. मायक्रोसॉफ्टला ते कुठे भेटलं कुणास ठाऊक.

मग फुकटची सॉफ्टवेअरं. टीमव्ह्युअर आहे, एनीडेस्क आहे. दोन्ही मूळची जर्मनीची. रस्टडेस्क आहे, त्याचा कोडसुद्धा सगळ्यांना खुला आहे. गूगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप आहे. यांतली काही ‘घरगुती वापरासाठी’ फुकट असतात, म्हणजे धंद्याला वापरलंत तर पैसे मोजायचे. भाच्यानं यांतलं एक, नाव घेत नाही, स्वतःच्या लॅपटॉपवर बसवलं आणि त्यावरून नातेवाइकांची सेवा सुरू केली. डोंबिवलीच्या काकांचा प्रिंटर, कोल्हापूरच्या आत्याचं झूम, सासूबाईंच्या लॅपटॉपवर आपोआप उघडणाऱ्या जाहिराती. इतक्या घरांत इतक्या वेळा डोकावल्यावर त्या सॉफ्टवेअरनं एक दिवस पाटी लावली, की तुम्ही व्यवसाय करत असल्याचा आम्हाला संशय आहे, आणि पाच मिनिटांत संबंध तोडला. भाचा वैतागला. मला मात्र भरून आलं. आमच्या घराण्यात कुणीतरी धंदा करत असेल असा संशय यापूर्वी कुणालाही आला नव्हता.

शेवटी गूगलचं बसवलं. ते बसवायला फार अक्कल लागत नाही: क्रोम ब्राउझरमध्ये आपल्या जीमेलच्या खात्यानं शिरायचं, एक छोटी फाइल उतरवायची, कॉम्प्युटरला नाव द्यायचं आणि किमान सहा अंकी पिन ठरवायचा. मग तेच खातं फोनवर घातलं की फोनमध्ये आपला कॉम्प्युटर दिसतो. पिनपाशी मात्र आमच्याकडे बैठक बसली. बायकोनं क्षणाचाही विलंब न लावता सुचवलं, ‘४००७०६’. सहा अंकी, लक्षात राहायला सोपा. भाचा म्हणाला, “मामी, तो नेरुळचा पिनकोड आहे. सगळ्या नेरुळचा तोच पासवर्ड निघेल.” त्यावर तिनं ४००७०३ सुचवला. तो वाशीचा. खरा पिन काय ठरला ते अर्थातच सांगत नाही, पण तो टपाल खात्याच्या कामाचा नाही.

हे चालतं कसं, असं मी भाच्याला विचारलं. मला वाटलं होतं, माझा फोन कोकणातून निघून थेट नेरुळच्या घराचं दार वाजवत असेल. तसं नसतं. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती इंटरनेटला स्वतःचा असा बाहेरून सापडणारा पत्ताच नसतो. कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक घरं कोंबते. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला घर सापडत नाही. म्हणून नेरुळचा कॉम्प्युटर स्वतःहून गूगलच्या सर्व्हरला फोन लावून बसतो. मीही कोकणातून त्याच सर्व्हरला फोन लावतो. तो दोघांची गाठ घालून देतो. मग तिकडच्या पडद्याचं चित्र इकडे येतं आणि इकडच्या बोटांच्या हालचाली तिकडे जातात.

ही कल्पना रूढ व्हायला ज्यांचा हातभार लागला, त्यांच्यातल्या एकाचं नाव क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर. हे गृहस्थ केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत होते. तिथे ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच भांडं. इमारतीच्या इतर भागांतले संशोधक जिने पार करून यायचे आणि भांडं रिकामं मिळायचं. तेव्हा १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि पॉल जार्डेट्झ्की या सहकाऱ्याबरोबर असा प्रोग्रॅम लिहिला, की प्रत्येकाला आपापल्या पडद्यावर भांड्यात कॉफी किती आहे ते दिसावं. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि जगभरचे लोक केंब्रिजची कॉफी बघत बसले. हेच स्टॅफर्ड-फ्रेझर पुढे केंब्रिजमधल्याच दुसऱ्या एका प्रयोगशाळेत व्हीएनसी तयार करणाऱ्या मंडळींत होते. व्हीएनसी म्हणजे एका कॉम्प्युटरचा पडदा दुसऱ्यावर उघडून तो वापरण्याची युक्ती. १९९८ मध्ये ती त्यांनी जगाला फुकट देऊन टाकली. भांडं २००१ मध्ये लिलावात गेलं आणि ‘श्पीगेल’ या जर्मन प्रकाशनाच्या ऑनलाइन विभागानं ते तीन हजारांहून जास्त पौंडांना घेतलं.

आपल्याकडे हा शोध लागणं अशक्य होतं. वाशीच्या सेक्टर १७ मधल्या कुठल्याही ऑफिसात कुणी चहा बघायला जिना उतरत नाही. खिडकीतून बोटं दाखवली की खालचा पोऱ्या तेवढे कटिंग घेऊन वर येतो. केंब्रिजला टपरी असती तर मी आज गावाहून पानं लावत नसतो.

असो. सगळं जमलं आणि मग अट कळली. कॉम्प्युटर चालू हवा. झोपलेलाही चालत नाही. विंडोजला थोडा वेळ कुणी हात लावला नाही की ती झोपते, आणि झोपलेला कॉम्प्युटर गूगलचा फोन उचलत नाही. ते एक सेटिंग बदलून थांबवता येतं. पण बंद कॉम्प्युटरला लांबून उठवायची जी युक्ती आहे, तिचा इशारा साधारणपणे त्याच घराच्या नेटवर्कमधून यावा लागतो. म्हणजे घरात आणखी काहीतरी चालू हवं. आमच्या घरात कायम चालू असणारी एकच यंत्रणा आहे, आणि तिनंच सुचवलेला पिन आपण नाकारलेला असतो.

सातबाऱ्याच्या कामासाठी मी एकटा गावी गेलो होतो. आमच्याकडे रेंज घरात नसते, गडग्यावर असते. गडग्यावर उभा राहून मी बायकोला फोन केला, तिनं बटण दाबलं, आणि माझ्या तळहाताएवढ्या पडद्यावर नेरुळचा पेजमेकर अवतरला. कामाचा लेख एका ज्येष्ठ लेखकांचा होता. त्यांनी ‘गुरूपौर्णिमा’ असं लिहिलं होतं. ज्येष्ठ लेखकांच्या शुद्धलेखनाला मी हात लावत नाही. ते दुखावतात आणि पुढच्या वर्षी शेजारच्या मासिकाला लेख देतात. मी फोटो सरकवत होतो, तेवढ्यात माउसचा बाण माझ्या हातून निसटला आणि स्वतःहून ‘रू’वर जाऊन उभा राहिला.

आमची ही निवृत्त मराठी शिक्षिका आहे. बटण दाबून तिनं निघून जायला हवं होतं. पण ही सॉफ्टवेअरं साधारणतः जे माझ्या फोनवर दाखवतात, तेच घरच्या पडद्यावरही दाखवतात. ती खुर्ची ओढून बसली होती. ‘गुरू’ सुटा लिहिताना दीर्घ, समासात आधी आला की ऱ्हस्व, हे तिनं तीस वर्षं पोरांना शिकवलेलं. मी बाण फोटोकडे ओढला. तिनं ‘रू’कडे ओढला. एका माउसच्या बाणावर दोन माणसांची सत्ता एकाच वेळी चालते. तो बिचारा सावंतवाडी गाडीच्या जनरल डब्यातल्या पिशवीगत दोन्हीकडून ओढला जात होता. फोन वाजला.

“अहो, तो हात काढा आधी.”

“अगं, मी काम करतोय.”

“चुकीचं छापून काम कसलं करताय? ऱ्हस्व करते आणि उठते.”

ती उठली नाही. तो सबंध लेख तिनं नेरुळहून तपासला आणि मी गडग्यावर उभा राहून बघितला. घरचा पडदा काळा ठेवून गुपचूप काम करायची सोयही काही सॉफ्टवेअरमध्ये असते, असं भाच्यानं नंतर हळूच सांगितलं. ती मी चालू केलेली नाही. संसारात पडदा काळा का आहे याचं उत्तर देण्यापेक्षा वेलांट्या दुरुस्त झालेल्या बऱ्या.

गणपतीत आम्ही दोघंही गावी असतो. अशा वेळी किल्ली शेजारच्या काकूंकडे. दिवाळी अंकाची पानं नेमकी तेव्हाच फिरत असतात. काकूंना फोन केला. त्या बिचाऱ्या गेल्या, बटण दाबलं, “निळा दिवा लागला हो,” म्हणाल्या. मी म्हटलं, “झालं, आता काही करू नका.” माणसाला ‘काही करू नका’ सांगितलं की तो तिथेच थांबतो. काकू थांबल्या. पडद्यावरचा बाण हलायला लागला, खिडक्या उघडायला लागल्या आणि रिकाम्या घरात, कळफलकाला कुणी बोट लावलेलं नसताना, मराठी अक्षरं उमटायला लागली.

“अहो, आत कुणीतरी आहे,” काकू फोनवर कुजबुजल्या.

“मीच आहे, काकू.”

“तुम्ही गावाला ना?”

“गावालाच आहे. तिथूनच तिकडे आलोय.”

हे वाक्य बोलू नये, हे बोलल्यावर लक्षात येतं. काकूंनी काका बोलावले. काकांनी वॉचमनला बोलावलं. वॉचमननं पडदा पाहिला आणि त्याच्या अधिकारातला प्रश्न विचारला: यांची गेटवर एंट्री झाली आहे का? आमच्याकडे कुरिअरवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांची अ‍ॅपवर एंट्री होते. माझी झालेली नव्हती. तेव्हा काकांनी, खबरदारी म्हणून, घराचा मेन स्विच बंद केला. फ्रिजमधलं दूध नासलं, ते वेगळं. काकूंनी मात्र तिन्हीसांजेला दिवा लावला होता, असं परतल्यावर कळलं.

यावरही भाच्यानं उपाय काढला. कॉम्प्युटरच्या पोटात, विंडोज सुरू व्हायच्याही आधीच्या सेटिंगमध्ये, ‘वीज परत आल्यावर आपोआप चालू हो’ असं सांगून ठेवता येतं. बहुतेक डेस्कटॉपमध्ये ही सोय असते. त्यानं ती लावली. तेव्हापासून मध्यरात्री लाइट जाऊन आली की आमच्या हॉलमध्ये उजेड पडतो आणि पंखा घरघरतो. आम्ही दोघं उठून बसतो. पण काकूंना त्रास नाही.

आता गंमत अशी की ते खातं बायकोच्या फोनवरही आहे आणि पिनही तिला माहीत आहे. मध्यंतरी ती साताऱ्याला माहेरी गेली. मी नेरुळला, स्वतःच्या खुर्चीत, स्वतःच्या कॉम्प्युटरपुढे. रात्री साडेदहाला अग्रलेख लिहून जरा पाणी प्यायला उठलो. परत आलो तर ‘तथापी’ची वेलांटी ऱ्हस्व झालेली, आणि बाण पुढच्या परिच्छेदात शांतपणे पूर्णविरामांची पाहणी करत होता. नंतर प्रेसवाला विचारत होता, या वेळी मुद्रितशोधक बदललात का? मी म्हटलं, “नाही. त्या आता साताऱ्यातून काम बघतात.”

एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. हीच सॉफ्टवेअरं चोरही वापरतात. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना एनीडेस्कचं नाव घेऊन सावध केलं होतं, कारण लोकांच्या फोनवर ते उतरवायला लावून खाती रिकामी होत होती. सॉफ्टवेअरचा त्यात दोष नाही. दार उघडणारा आपणच असतो. ‘तुमचं लाइट बिल भरलेलं नाही, आज रात्री कनेक्शन कापणार, हे अ‍ॅप उतरवा आणि पडद्यावरचा नंबर सांगा’ असे फोन महाराष्ट्रभर येऊन गेले, अजून येतात. सेफ्टी डोअरच्या जाळीतून तीनदा विचारून मग साखळी काढणारी आमची काकूंची पिढी फोनवर मात्र तो नंबर चष्मा शोधून आणून वाचून दाखवते. घरचा भाचा सोडून कुणीही असं अ‍ॅप बसवायला सांगितलं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवायचं. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

बाकी तुम्ही जरूर बसवून घ्या. फुकट आहे, आणि आमच्या सेक्टरमधल्या अर्ध्या निवृत्तांचा कॉम्प्युटर आता कुठून ना कुठून कुणीतरी चालवतच असतं. फक्त सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एक विनंती आहे. टाकी धुवायची असली की तुम्ही आदल्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लावता, तशी मीटर रूममध्ये काम निघालं तरी लावत जा. नेरुळची लाइट गेली की आमचा गडग्यावरचा धंदा बसतो, आणि काकूंना आम्ही आता फोन करत नाही.